अंजिराच्या गाडीतून आप्पांना

३१ मार्च २०२५
हैदराबाद, गोदामाच्या गेटवर

आप्पा,

लालमहंमदचा सलाम. घ्यायचा का न्हाई ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घातला.

कालपासून कितीदा फोन लावला. तुम्ही उचलता, माझा आवाज ऐकला की ठेवून देता. म्हणून हा कागद. कागदाला आवाज नसतो, निदान दोन ओळी तरी वाचून होतील. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळं पुतळाकाकीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक हाय. काकी, मधलं गाळू नका.

माल अजून उतरला न्हाई. आज ईद, हमाल सगळे घरी. वॉचमन म्हणतो, दुपारनंतर बघू. सकाळी पलीकडच्या मैदानात नमाज पढून आलो, ओळख ना पाळख अशा माणसांना गळाभेट दिली. एका म्हाताऱ्यानं डब्यात शीरखुर्मा घातला. आता गाडीच्या सावलीला बसून लिहितोय. वर गारव्याचं युनिट घरघरतंय. ते घरघरतंय तोवर आतली अंजीर जित्ती, आन् मी पण.

कालचं एकदा माझ्या बाजूनं ऐका. पाडव्याचा मुहूर्त, मिठ्या बहाराची, ह्या हंगामातली पहिली गाडी, तुम्ही अंजीरवाल्यांच्या गटाचे अध्यक्ष, पाहुणे बोलावले, सगळं मान्य. फीत बांधली, तीबी मान्य. पण आप्पा, फ्रीजच्या गाडीला फीत उघड्या दारात बांधतात व्हय? पेट्या फोटोत दिसल्या पाहिजेत म्हणून दार सताड उघडं, आन् पाहुणे आपले ‘निघालेत, निघालेत’. केडगावात आले म्हणता म्हणता ऊन डोक्यावर आलं. मल्हारी ताटात कात्री घेऊन उभा. हलगीवाले दमून सावलीला बसले. मी चारदा तुमच्या कानाशी येऊन सांगितलं, गारवा चालला. तुम्ही म्हणालात, “आरं दम धर की जरा, आभाळ कोसळत न्हाई.” माझा शेवटचा रोजा, घशाला कोरड, आन् डिस्प्लेवरचा आकडा चढतोय. सटकलं माझं डोकं. लावलं दार. फीत निम्मी आत, निम्मी बाहेर.

तेवढ्यात पाहुणे उतरले. कात्री उचलली, आन् कापायला काय न्हाई. तवा मी बोललो ते बोललो, “साहेब, फीत चालली हैदराबादला. कापायची आसंल तर बसा गाडीत.” सगळी माणसं हसली. तुम्ही न्हाई हसलात. तुमचा चेहरा मी आरशात बघत हायवेला लागलो.

दार लावल्याची माफी मी मागणार न्हाई. ते परत लावीन. तुमची मान खाली गेली त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण ते तुम्ही फोन उचलल्यावर सांगीन.

तोवर एवढंच. फ्रीजच्या गाडीत माल घुसमटून मरतो असं अख्खं वरवंड गाव म्हणत होतं, तवा पहिल्या पेट्या तुम्ही घातल्यात. घरची, निवडून काढलेली. त्या दिवशी मी गाडी आस्ते आस्ते नेली, जणू आत बाळंतीण बसलीय. ते मी विसरलो न्हाई. ईद मुबारक, आप्पा. काकी, तुम्हालाबी.

लालू


९ एप्रिल २०२५
तळेगाव ढमढेरे, घरून

आप्पा,

तुमच्या लेकीच्या, मोनालीताईंच्या पुण्याच्या पत्त्यावर लिहितोय. उजव्या डोळ्याचं आपरेशन झालं, डावा पुढच्या आठवड्यात, हे काकींकडून कळलं. म्हंजी आता वाचणार मोनालीताई. ताई, तुमच्या लग्नाची वरात ज्या ट्रॅक्टरवरून निघाली तो मी चालवला होता, तेवढं लक्षात ठेवून सगळं वाचा. आप्पांनी “पुरे” म्हटलं तरी थांबू नका.

आपल्या गटातले हौसराव भेटले. मान खाली घालून उभे. मी म्हणालो, बोला की, मी काय चावतोय का. मंग बोलले. आप्पा घरी आले की गटाची बैठक, आन् लालूची गाडी बंद. पुण्याच्या कुणा ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी बघून ठेवलीय म्हणे. तोवरच्या खेपा माझ्या. तुमची अंजीर तर तुम्ही आत्तापासूनच थांबवलीत, पुण्याच्या मंडईला धाडता. लोकाची माझ्या गाडीत आन् अध्यक्षाची टेंपोत, उन्हात. कमाल हाय तुमच्या रागाची. अंजिरानं काय तुमचं घोडं मारलं होतं?

आप्पा, नीट ऐका. गटाचं काम गेलं तर माझी गाडी रिकामी उभी राहणार न्हाई. मिरची हाय, डाळिंब हाय, दुसरं कायबी मिळंल. उपाशी मरत न्हाई मी. पण मी ही गाडी तुमच्या जिवावर घेतली. अब्बा गेल्यावर ट्रॅक्टरच्या शिटावर मला तुम्ही बसवलंत. क्लच सोडताना मी तुमचा बांध फोडला, तरी खाली उतरवलं न्हाई, “फुटू दे, बांध परत घालता येतो” म्हणालात. तुमच्या पेट्या माझ्या गाडीत नसल्या तर मला ती दुसऱ्याचीच गाडी वाटती. मला तुमचा माल पायजे. बाकी काय नको.

रजिया बाजूला बसून मेथी निवडतीय. ती म्हणती, माफी मागा आन् मोकळं व्हा, कशाला कागद काळे करताय. मी म्हणालो, दार लावायचं नव्हतं का मंग? ती म्हणती, “लावायचं होतं. पण तुम्ही अल्लामियाच्या दारात थांबायची पाळी आली तर तिथंबी हॉर्न वाजवाल.” आता हिला काय बोलायचं!

तिचं खोटं न्हाई. मला वाट बघायचा वैताग येतो, आन् धंदा घेतला वाट बघायचा. गाडी चालवणं हे मधल्या वेळात. तोडणी व्हायची वाट बघा, पेट्या भरायची वाट बघा, पावतीची बघा. मागच्या खेपेला सोलापूरच्या पुढं ट्रक उलटला, त्याच्यामागं अर्धा दिवस. गोदामात गेलं तर आपल्या पुढं फुलांच्या, द्राक्षाच्या गाड्या. कुणाचा नंबर कवा लागंल, सांगता येत न्हाई. मंग तो सुपरवायझर येतो, पेटीतल्या मधल्या अंजिरात थर्मामीटरची सुई खुपसतो आन् आकडा बघतो. तेवढा वेळ मी श्वास घेत न्हाई. मागल्या खेपेला त्यानं मान हलवली आन् म्हणाला, माल किसका है, बहोत अच्छा है. मी म्हणालो, वरवंड का. आन् आप्पा, सवयीनं तोंडातून तुमचंच नाव गेलं. तुमची एक पेटी नसताना.

डोळ्यात औषध वेळेवर घाला. मोबाईल बघू नका.

लालू


१७ एप्रिल २०२५
हैदराबाद, गेटवर

आप्पा,

मोनालीताईंच्या हातात हे पत्र पडंल तवा तुमचा डावा डोळाबी झाला आसंल. मी आज जे लिहिणार हाय ते लिहू नको असं काकींनी मला बजावलंय. शपथ घातली, पण मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो, हो म्हणालो न्हाई. मला राहवत न्हाई. कुणाचे उपकार आपल्यावर झाले आन् ते लपवून ठेवायचे, मला न्हाई जमत.

काल सकाळी गटाच्या शेडवर माल भरला. गाडी गच्च. सगळ्यात जास्त गिताबाईची अंजीर, तिच्या बागेची ही मोठी तोडणी. पाटसच्या अलीकडं युनिटचा आवाज बदलला. आधी खोकल्यासारखा, मंग घरघर, मंग काय न्हाई. गाडी चाललीय आन् वर सगळं गप्प. गाडी कडेला घेतली.

शिक्रापूरच्या चांगदेव मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, निघतोच, पण चौकात गाड्या अडकल्यात, कवा पोचंन देव जाणे. तोवर गारवा धरायचा तर एकच वाट. युनिटला एक विजेवरची मोटारबी असती, तिला थ्री फेज लाईट दिली की डिझेल लागत न्हाई. पण थ्री फेज आणायची कुठनं? आपल्या शेडला सिंगल फेज. धाब्यावर गेलो, सिंगल. एका कारखान्याच्या गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला, साहेबांना विचारावं लागंल आन् साहेब जेवायला गेलेत. सकाळच्या पारी कसलं जेवण, पण भांडायला वेळ नव्हता. मंग डोक्यात एकच मोटार आली. तुमच्या विहिरीवरची. ह्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा हाय.

तुम्ही जाताना काय सांगून गेलात ते मला हौसरावनं सांगितलं होतं. “लालूची गाडी आपल्या बांधाला लागता कामा नये.” तरी आणली. लाज सोडली आन् आणली.

काकी खोरं घेऊन कोवळ्या उसाला पाण्याची दारं धरत होत्या. घोट्यापर्यंत चिखल. मी लांबूनच ओरडलो, “काकी, युनिट गेलं!” त्यांनी खोरं टेकवलं. विचारलं, “कुणाकुणाची अंजीर हायती?” मी सांगितली. गेणबाची, हौसरावची, गिताबाईची. “आन् आमची?” म्हणाल्या. मी म्हणालो, “न्हाई काकी. तुमची आप्पांनी थांबवलीत.” त्या पदराला हात पुसत घरात गेल्या. मला वाटलं, झालं, आता न्हाई म्हणायला शब्द शोधत आसतील. मी गाडीला हात लावून उभा. पत्रा तापायला लागला होता.

बाहेर आल्या त्या सरळ विहिरीवर गेल्या आन् स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाणी थांबलं. म्हणाल्या, “जोड तुझ्या वायरी. बघतोस काय माझ्या तोंडाकडं?”

जोडल्या. युनिटची मोटार उलटी फिरली. दोन वायरींची अदलाबदल केली तवा सुलटी झाली. पण व्होल्टेज पुरंना, त्याच डीपीवर शेजारच्या मल्हारीचीबी मोटार चालू होती. काकी तशाच चिखलाच्या पायानं मल्हारीच्या वस्तीवर गेल्या. तो म्हणाला, “काकी, आप्पांना कळलं तर?” त्यावर काकी म्हणाल्या, “तुझ्या आप्पांचा डोळा झाकलाय, माझा न्हाई. बंद कर मोटार.” केली त्यानं. युनिट असं गुरगुरलं आप्पा, मला रडू आलं. रडलो की, लपवायचं काय.

दुपारी लाईट गेली. आम्ही सगळे तारांकडं बघत बसलो, जणू बघून येणार. तोवर गिताबाई पळत आली होती. तिनं आन् काकींनी घरातली होती नव्हती ती पोती भिजवली, मी ती टपावर चढवली. वाळली की परत भिजवायची. वरीसभर गिताबाईनं पाखरं हाकलली, झाडं राखली, आन् सगळं त्या पत्र्याच्या आत. मी दाराजवळ जाईना, कुणाला जाऊ देईना. उघडून बघावं वाटत होतं, पण उघडलं की संपलं. मी म्हणजी, मी! गप्प बसून राहिलो, एकदाबी कुणावर ओरडलो न्हाई. काकी म्हणाल्या, “लालू, तुला बरं वाटत न्हाई का?”

आन् जेवायला घातलं. भाकरी, पिठलं, ठेचा. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, तू उपाशी बसल्यानं लाईट लौकर येणार हाय का? नंतर लाईट आली. चांगदेव आला तवा उन्हं कलली होती. डिझेलच्या पंपात कचरा होता, त्यानं काढला. निघताना काकींनी सांगितलं, “आप्पांना यातलं काय कळवू नको.”

आज सुपरवायझरनं सुई खुपसली. तीन ठिकाणी खुपसली. मान हलवली. सगळ्या पेट्या उतरल्या आप्पा, एकबी मागं न्हाई. गिताबाईला फोन केला तर ती नुसती “व्हय, व्हय” म्हणत होती.

आता खरं ते लिहितो. तुमचा ऊस काल तहानेला राहिला. पुढच्या आठवड्यात लाईट रातची, काकींना रातची दारं धरावी लागतील. ते मी धरीन, मल्हारीशी बोललोय. तुम्ही काकींना रागावू नका. त्यांनी तुमचा शब्द मोडला तो गिताबाईसाठी मोडला. माझी गाडी बंद करायची तर करा. बैठकीत मी हूं का चूं करणार न्हाई, बाहेर चपला सांभाळत बसंन. पण तुमच्या विहिरीवर, तुमच्या लाईटीवर हा माल जगला. त्याचे उपकार तुमचेच म्हणून मानतो. तुम्हाला ठाऊक नसताना झालेले का आसंनात.

लालू


२० एप्रिल २०२५
पुणे

लालू,

हे मोनाली लिहून घेते आहे. मी बोलतोय ते तसंच लिही म्हणून तिला सांगितलंय. ती मधेच हसते आहे, तिकडं लक्ष देऊ नको.

तुझी तिन्ही पत्रं वाचून घेतली. पहिलं तुझ्या काकीनं वाचलं तवा मी “पुरे” म्हणालो होतो, तिनं थांबवलं न्हाई. आवाज नसतो म्हणे कागदाला. तुझ्या कागदाला सायलेन्सर फुटल्यावाणी आवाज हाय.

आता तिसऱ्याचं. मला ठाऊक नसताना झालेले उपकार! आरं शहाण्या, तुझी काकी पदराला हात पुसत घरात कशाला गेली होती? मला फोन करायला. मी दवाखान्यात बाकड्यावर, डाव्या डोळ्यात थेंब घालून बसलेलो, त्यानं काय दिसत न्हाई. ती म्हणाली, लालू दारात उभा हाय, युनिट गेलं, ऊस भिजवू का लाईट देऊ? मी म्हणालो, हे काय विचारायचं हाय का, बंद कर मोटार. मल्हारीचीबी बंद करायला लाव. आन् मी सांगितलं हे त्याला सांगू नको, डोक्यावर बसंल. तर तिनं सगळं श्रेय आपल्याच पदरात बांधून घेतलं, ठेच्यासकट! आन् वर मल्हारीला डोळा झाकल्याचं सांगितलं. येऊ दे मला घरी. मोनाली विचारते, हे लिहू का? लिही म्हणालो.

मी तिथं बाकड्यावर बसून काय केलं सांगू? दुपारी लाईट गेल्याचा काकीचा फोन आला, तेवढ्यात मला आत बोलावलं, तर गेलो न्हाई. नर्सबाई म्हणाली, आजोबा चला, तुमचा नंबर आलाय. मी म्हणालो, थांबा, लाईट गेलीय. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ती म्हणाली, आजोबा, लाईट हाय की, दिवे चालू हायेत. तिला काय सांगणार, माझी लाईट कुठली गेलीय ते. काकीचा “आली” म्हणून फोन आला तवा उठलो. डॉक्टर चिडले. चिडू दे.

त्या पाहुण्यांसमोर तू बोललास ते मला लागलं. अजून लागतंय. ते मी तुला बोलणार हाय, सोडणार न्हाई. पण ते माझं तुझं. त्यात मी माझी अंजीर टेंपोत घातली आन् मंडईत निम्मी मऊ पडली, हा माझा गाढवपणा. हौसरावला फोन केला आत्ताच, दुसरी गाडी बघायची न्हाई म्हणून सांगितलं. तो एवढ्या जोरात “बरं” म्हणाला, मला कळंना तो माझ्या बाजूचा का तुझ्या.

रातची दारं तू धरायला येतोस ते ये. काकीनं चहा केला तर पी, पण तिच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नको.

पुढची खेप शनिवारची. त्यात आमच्या पेट्या भर, आधी भर, आन् जागा ठेव. मालाला न्हाई, मला. डॉक्टर प्रवासाला हो म्हणालेत, फक्त धूळ नको म्हणाले, तर तुझ्या केबिनच्या काचा वर ठेव. मोनाली नको नको म्हणते आहे, तिचं ऐकणार न्हाई. मी अंजीर लावली, राखली, तोडली, पेट्या भरल्या, आन् पुढं त्यांचं काय होतं ते कवा बघितलं न्हाई. तू ज्या गेटवर बसून मला पत्रं लिहितोस तिथं मला बसायचं हाय. नंबर येईस्तोवर बसू. सुपरवायझर सुई खुपसंल तवा मीबी तिथंच असंन.

आता लिहू नको. काय बोलायचं ते तिथं गेटवर तोंडानं बोल. मी फोन ठेवायचो तसं तिथनं उठून जाता येणार न्हाई मला.

तुझा
आप्पा